धुऱ्यावरच्या खांबाला सदरा

मी राळेगाव तालुक्यातल्या एका काळ्या रानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असलेला जुना खांब आहे. नुसता खांब नव्हे, बरं का मित्रांनो. माझ्या डोक्यावर पालथ्या वाटीसारखी पांढरी टोपी आहे, आणि आभाळातून फिरणारे उपग्रह त्या टोपीशी रात्रंदिवस बोलतात. त्यांच्या बोलण्यावरून मी नेमका कुठे उभा आहे ते ठरतं. मी केसभर वर गेलो, खाली गेलो, तरी पुण्यातल्या संगणकाला कळतं. माणसांच्या घरात एवढी चौकशी कुणाची होत नसेल.

मला इथे बसवलं तेव्हा खड्डा बाबारावांनी खणला. शेत त्यांचंच. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर माझा भरवसा नाही; म्हणून माझा पाय खाली थेट काळ्या दगडात रोवला. जिल्हाभर माझे असे बरेच भाऊ उभे केले. आम्ही दाटीने उभे राहिलो म्हणजे पावसाच्या पाण्याच्या ओझ्याने जमीन कुठे दबते, उन्हाळ्यात कुठे वर येते, मातीत ओल किती उरली, हे सगळं शास्त्रज्ञांना जुळवून पाहता येतं. पहिल्या वर्षी शाळेची मुलं मला बघायला आली. साहेबांनी भाषण केलं. बाबाराव नवा सदरा घालून माझ्याशेजारी उभे राहिले आणि फोटोत माझ्यापेक्षा तेच ताठ आले. मग साहेब यायचे थांबले. माझ्या सौर पाटीवर कावळे बसू लागले, ती पुसायला मात्र बाबाराव येत.

ते बोंडअळीचं वर्ष होतं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. भादव्याच्या उन्हात बाबाराव पाठीवर पंप घेऊन अळीचं औषध फवारत होते. वारा तोंडावर येत होता आणि फडकं त्यांनी गळ्यात बांधलं होतं, तोंडाला नव्हे. माझ्यासमोरच्या कपाशीच्या ओळीत ते खाली बसले, मग आडवे झाले. मी त्या वेळी नेहमीसारखा उपग्रहांचे आकडे घेत होतो. आकडे व्यवस्थित आले. मला काही वाटलं नाही, वाटण्यासाठी लागतं ते माझ्यात कुणी बसवलेलंच नाही. शेजारच्या रानातली माणसं धावली आणि त्यांना उचलून घेऊन गेली. दवाखान्यातून बाबाराव परतले नाहीत.

त्यांची बायको रुखमाबाई तेराव्या दिवसाचं वगैरे काही करणारी नव्हती. बुद्धवंदना झाली, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या सकाळी ती निंदायला रानात आली. डोळ्यांतून टिपूस नाही. कुणी बोललं तर 'हो' म्हणायची, कुणी नाही बोललं तरी चालायचं. माझी पाटी पुसायला ती आली नाही. मी तिला दोष देत नाही.

पुढे तुरीला फुलं आली आणि रोही, म्हणजे नीलगायी, शेतात घुसू लागले. आमच्याकडे रोह्यांना हाकलायला लोक धुऱ्याला जुनी लुगडी बांधतात, बुजगावणं उभं करतात. रुखमाबाईला आयता खांब मिळाला. तिने मला बाबारावांचा फवारणीचा सदरा घातला, बाह्यांत काडी सारली आणि डोकं म्हणून माझ्या टोपीवर काजळलेला जर्मनचा गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं, पालथा घातला. झालं! आभाळ बंद. एकही उपग्रह मला दिसेना. पुण्याला वाटलं, यंत्र मेलं.

मग ममता आली. मूळची नेरची, यंत्रांची देखभाल करणारी. मला पाहून आधी तिचा पारा चढला.

"जयभीम काकू! हे काहून घातलं याच्यावर? हे यंत्र इथून उचलून न्याचं ठरून राह्यलं तिकडं."

"रोही येते ना माय," रुखमाबाई म्हणाली. "ह्यायचा सदरा दिसला का दबकते. अन् मले बी दुरून वाटते, उभे हायेत म्हणून."

ममताचा राग तिथेच विरला. तिने हळूच गंज उतरवला. "काकू, मी तिकडं बांबू रोवून देतो. सदरा त्याले घालू. मंग यंत्र बी राहीन."

रुखमाबाईने गंज तिच्या हातून घेतला. मग तिने विचारलं, "जमीन हालली तं याले समजते म्हणतेत. खरं हाये?"

"हो काकू."

"केसाएवढी बी?"

"हो."

"मंग हे पडले थ्या दिवशी पाहून सांग. मी घरी भाकरी थापून राह्यली होती. माह्या पायाखाली हाललं होतं."

ममताने लॅपटॉप उघडला. तो दिवस काढला. पडद्यावर माझी रेघ होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ. ममताला खोटं बोलता आलं असतं. मीही तिला माफ केलं असतं.

"नाही काकू," ती म्हणाली. "नाही हालली."

"कायीच नाई?"

"नाही."

रुखमाबाईने मान हलवली. रडली नाही. त्या दिवशी माझी रेघ इतकी सरळ आली याची मला पहिल्यांदा लाज वाटली, मित्रांनो. मग तिने माझ्या अंगावरचा सदरा स्वतःच्या हाताने काढला, त्याची घडी केली आणि ममताला म्हणाली, "हा नको बांबूले. याले अजून औषधाचा वास हाये. लेकरं हात लावतेत. लुगडं घालू."

आता माझी टोपी मोकळी आहे आणि आकडे पुन्हा चोख जातात. माझ्या डोक्यावर गंज ठेवू नका, पाटीवरची धूळ पुसा, हे मी मागणारच. पण कुणी पंप पाठीवर घेऊन रानात निघालं, तर त्याच्या तोंडाला फडकं आहे का, वारा कुठून वाहतो आहे, ते आधी बघा आणि भर उन्हात त्याला थांबवा. जमीन किती दबली ते मी सांगेन. माणूस पडला, तर मला कळत नाही.