गच्चीवरची टाकी

परदेशात नोकरीला गेल्यापासून तिला रोज सकाळी इमारती पायाशिवाय उभ्या दिसायच्या. इंजिनिअर बाईला असं दिसणं काही बरं नव्हे, कारण इमारती पडू नयेत याचाच तिला पगार मिळायचा. पण तिथलं धुकं खालचे मजले गिळून टाकायचं, वरचे तेवढे तरंगत राहायचे, आणि ही आपली मान वर करून, येणाऱ्याजाणाऱ्याला धक्के देत ऑफिसला पोचायची. वाटेत मनातल्या मनात आईला घरं दाखवायची. इथे ऊन छान येईल, इथे जिना फार चढावा लागेल, असं तिचं चालायचं.

वडील गेल्यावर घरात दोघीच उरल्या होत्या. "नोकरीत कायम झाले की तुला घेऊन जाते," असं निघताना लेक म्हणाली, आणि आईने "बरं" म्हटलं. त्या एका शब्दावर ती विमानात चढली. पण नोकरी अजून कच्चीच होती. ठेवायचं की घरी पाठवायचं, ते मोठ्या बाई ठरवणार होत्या. मोठ्या बाई म्हणजे तिच्या वरिष्ठ. बोलायच्या मोजकं, पण नकाशा तपासताना त्यांची पेन्सिल मध्येच थांबली की भलेभले आपले आकडे पुन्हा तपासायला घ्यायचे.

एक दिवस ती पेन्सिल हिच्याच नकाशावर थांबली.

"छताच्या या कोपऱ्यात एवढं वजन कशाचं धरलंय?"

तिने वाकून पाहिलं आणि तिचं तोंडच उतरलं. पाण्याची टाकी. कोणी मागितली नव्हती, कोणी सांगितली नव्हती. पण मायदेशी असताना नकाशात गच्ची काढली की कोपऱ्यात टाकी आलीच. हाताला वळणच पडलेलं. इथे नळाला पाणी थेट वरच्या मजल्यापर्यंत जोरात येतं, गच्चीवर साठवतंय कोण? तिने खिडकीबाहेर पाहिलं. नजर जाईल तिथवर छतं रिकामी. इतके महिने वर बघत फिरली, पण एवढं ढळढळीत काही दिसलं नाही. धन्य आहे बाई.

यंत्रासाठी जागा ठेवलीय, अशी थाप अगदी जिभेवर आली होती. ती तिने गिळली.

"आमच्याकडे प्रत्येक गच्चीवर टाकी असते. सवयीने धरली. चुकलं माझं."

"म्हणजे खालचे खांब उगाच जाड झाले."

"हो. पायासुद्धा."

"काढा ती," मोठ्या बाई म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग ती दिवसभर नसलेली टाकी उपसत बसली. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून एकेक खांब हलका करत खाली खाली, थेट पायापर्यंत. कामात अशी काही तंद्री लागली की आपल्यासोबत इमारतही सैलावतेय असं तिला वाटायला लागलं. घरी पाठवतील तर पाठवोत, पण हे खांब नीट करूनच जायचं, असं तिने ठरवलं. जेवायचं राहिलंय हे संध्याकाळी कळलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी सगळे आकडे पाहिले. "जास्त वजन धरणारा माणूस सुधारता येतो," त्या म्हणाल्या. "कमी धरून वर थाप मारणारा मला नको. पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम. मात्र छत काढताना जरा खिडकीबाहेर बघत चला."

तिने ऑफिसच्या जिन्यात येऊन घरी फोन लावला.

"आई, कायम झाले. आता तू तयारीला लाग."

"जीव भांड्यात पडला गं माझा," आई म्हणाली. आणि त्याच दमात, "पण मी काही येत नाही हं."

"अगं, तू कबूल केलं होतंस."

"नाही म्हटलं असतं तर तू गेली असतीस का? माझ्या मैत्रिणी इथे, माझं वाचनालय इथे. तिथे दिवसभर कोणाशी बोलू मी?"

तिला रडू आलं आणि रागही आला. आपण आईसाठी इथे तग धरून आहोत, असं ती इतके दिवस स्वतःला बजावत आली होती.

"मग मी तरी कशाला राहू इथे?"

"ते मला काय विचारतेस? तुला आवडतंय ना तिथलं काम?"

आवडत होतं. आईपासून इतकं लांब राहावं लागत असूनही आवडत होतं, आणि ते आईलाच सांगायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"हो," ती म्हणाली.