माझी पिशवी रिकामी होती

मित्रांनो, मी एक जुना कामगंध सापळा आहे. नाव भारदस्त, अंग मात्र एवढंसं. वर हिरवी टोपी, खाली नरसाळं आणि त्याला बांधलेली लांब प्लास्टिकची पिशवी. सास्तूरच्या शिवारात, मथुराबाईंच्या हरभऱ्यात मी काठीवर उभा असतो.

माझ्या टोपीखाली रबराची एक गोळी बसवतात. तिला मादी पतंगाचा वास असतो. घाटे अळीचे नर पतंग त्या वासाने येतात आणि पिशवीत पडतात. मादी तिथे नसतेच. हे खोटं मला कधी आवडलं नाही. पण पतंग किती आले यावरून अळी किती येणार ते कळतं, म्हणून करतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण दुसऱ्याच कुणासाठी येतो, हे मात्र मनाला लागतं.

मथुराबाई तेवढ्या वेगळ्या. रोज सकाळी पिशवी मोकळी करताना त्या माझ्याशी बोलायच्या. "का रं, लई पाव्हणे आलते व्हय?" दर तीन आठवड्यांनी आठवणीने गोळी बदलायच्या.

यंदा हरभरा फुलात असताना लेकीच्या बाळंतपणासाठी त्या सोनारीला गेल्या. जाताना नवऱ्याला, उत्तरेश्वररावांना, म्हणाल्या, "सापळ्याकडं ध्यान ठिवा." त्यांनी ध्यान ठेवलं, पण बांधावरून, मोटारसायकलवर बसूनच. गोळीचा वास हळूहळू उडून गेला. पतंग माझ्याकडे यायचे थांबले. शेतात मात्र ते होतेच. माझ्या डोळ्यांदेखत माद्या झाडांवर अंडी घालत होत्या. ओरडावंसं वाटलं, पण मला तोंड आहे ते फक्त गिळायला.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, सगळं गणगोत शेतात जेवायला आलं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, भाज्या-दाण्यांची भज्जी, आंबील, पोरांचा गोंधळ. उत्तरेश्वररावांनी माझी पिशवी हलवून दाखवली. "बघा, एक बी पाकोळी न्हाय! औंदा फवारायची गरजच न्हाय." सगळे खूश झाले. एवढ्या माणसांत मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

आठवड्याने मथुराबाई परतल्या. आल्या आल्या त्यांनी एक घाटा सोलला. आत दाणा नव्हता, अळी होती. दुसराही तसाच. मग त्या माझ्यापाशी आल्या आणि टोपीखाली हात घातला. गोळी सुकून कडक झाली होती.

"अवं, पिशवी बघितली, पर गोळी बघितली का?"

उत्तरेश्वरराव खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, रिकामी हाय म्हंजी बरं हाय."

निम्मा हरभरा गेला. त्या दिवशी मथुराबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मला तेच सगळ्यात जड गेलं.

त्यांनी नवी गोळी बसवली आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. आता उत्तरेश्वरराव रोज गाडी उभी करून, ढेकळं तुडवत माझ्यापर्यंत येतात. पतंगांसाठीच येतात, मला ठाऊक आहे. तरी टोपीखाली त्यांचा हात आला की बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्या शेतात माझा एखादा भाऊबंद असेल आणि त्याची पिशवी रिकामी दिसली, तर लांबूनच खूश होऊ नका. जवळ जा, हात लावून बघा. तो गप्प आहे म्हणजे सगळं बरं आहे, असं समजू नका.