काठवटीतली म्हातारी

बेकरीतल्या खमिराला सगळे म्हातारी म्हणायचे. आंबलेल्या कणकेतला एक गोळा रोज बरणीत मागे ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात मळायचा, की पाव फुगलेच. सासऱ्यांना ती त्यांच्या आईकडून मिळाली होती. आईला कुणाकडून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. स्वतः जेवायला बसण्याआधी ते म्हातारीला मूठभर पीठ घालायचे.

ती म्हातारी सुनेच्या हातून गेली. बाळ रडत होतं, भट्टी तापली होती. घाईघाईत तिने सगळ्या कणकेचे पाव आत सरकवले आणि गोळा ठेवायचा राहून गेला. एरवी मळायच्या लाकडी काठवटीच्या भेगांत थोडी कणीक चिकटलेली असे, तिच्यावर निभावलं असतं. पण बाळ झाल्यापासून तिला स्वच्छतेचं वेड लागलेलं. काठवट तिने उकळत्या पाण्याने घासून लख्ख करून ठेवली होती.

सासरे रिकामी बरणी हातात धरून उभे राहिले. मग तिला झाकण लावून त्यांनी ती जागेवर ठेवली.

नवरा म्हणाला, त्यात काय, पीठपाणी कालवून उघडं ठेवू, आपोआप फसफसेल. सासऱ्यांना ते पटेना. जीव जिवाच्या पोटीच येतो, नुसत्या पिठात तो कुठून येणार?

"मग पहिली म्हातारी कुणाच्या पोटची?" नवऱ्याने विचारलं.

"ते तू तिलाच विचारायचं होतंस. आता गेली ती."

तरी नवऱ्याने एका वाडग्यात पीठ कालवून ठेवलंच.

बाळाला पाजायला घेतलं तेव्हा तिला त्याच्या अंगड्याच्या काठाला कणकेचा वाळका पापुद्रा दिसला. सकाळी तशाच हातांनी उचललं होतं त्याला. तिने तो नखाने खरवडून हुंगला. वास नाही, ओल नाही, जुन्या भिंतीचा रंग निघावा तसा. बाळाच्या वाटीत कोमट पाणी, चिमूटभर पीठ आणि तो पापुद्रा घालून तिने वाटी भट्टीजवळच्या फळीवर ठेवली. कुणाला बोलली नाही. बाळासारखं तिलाही थोडंथोडं भरवत राहिली.

तिसऱ्या दिवशी वाटीत बुडबुडे आले. तिने वाटी सासऱ्यांपुढे धरली. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले.

"तीच आहे."

तिने अंगड्यावरच्या पापुद्र्याचं सांगितलं. "बाबा, वाळली होती तेव्हा ती जिवंत होती की मेलेली?"

त्यांनी वाटीत चिमूटभर पीठ टाकलं. "थांबली होती, पोरी. कुणी पाणी देईल म्हणून."

पुढच्या आठवड्यात नवऱ्याचा वाडगाही फसफसला. वास वेगळा, जरासा उग्र. तो दिवसभर शीळ घालत हिंडला. सासऱ्यांनी वाडगा उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला. कुठून आली, कुणाची कोण, काही कळेना. मग त्यांनी पिठाच्या डब्यात हात घातला आणि पहिली मूठ म्हातारीला न घालता वाडग्यात टाकली.

"तान्ही आहे ना," सुनेकडे न बघता ते म्हणाले, "तिला आधी."