हळूकाकांच्या मानेतला आवाज

हळूकाकांचं बोलणं आयुष्यभर कुणी धड ऐकून घेतलं नाही, आणि त्यात निम्मा दोष त्यांचाच होता. सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचनकक्षात 'शांतता राखा' या पाटीखाली बसून त्यांनी उभी नोकरी काढली. कुणी खुर्ची सरकवली, कुणी खोकलं, की ते ओठांवर बोट ठेवून म्हणायचे, "हळू." वाचकांनी त्यांचं नावच हळूकाका पाडलं. दुसऱ्यांना हळू म्हणता म्हणता त्यांचा स्वतःचा आवाज इतका बारीक झाला की घरी त्यांनी मीठ मागितलं तर पाणी यायचं, आणि ते मुकाट्याने पाणी प्यायचे.

काकूंचं याच्या अगदी उलट. त्या सकाळी जाग्या व्हायच्या त्याच मुळी वाक्याच्या मध्यावर. न लागणारं कपाटाचं दार, वरच्या मजल्यावरची शेजारीण, उशिरा येणारं दूध, अशा सगळ्यांचा समाचार घेत त्यांचा दिवस चालायचा. काकांनी मधूनमधून 'हं' म्हणायचं असे, पण घाईच्या दिवशी तेही काकूच म्हणून टाकत. दोघांचं कधी भांडण म्हणून झालं नव्हतं, कारण टाळी एका हाताने वाजत नाही.

अशा माणसाच्या मानेत आवाज सापडला.

झालं असं की काका नेहमीच्या तपासणीला सरकारी इस्पितळात गेले होते. एका तरुण डॉक्टरने सहज म्हणून त्यांच्या मानेवर स्टेथोस्कोप टेकवला आणि तो थबकलाच. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. उजव्या बाजूला, जबड्याच्या जरा खाली, दर ठोक्याबरोबर फूस, फूस असा आवाज येत होता. मेंदूकडे रक्त नेणारी धमनी तिथे आतून अरुंद झाली होती, आणि नळ अर्धवट उघडला की पाणी जसं फुसफुसतं तसं तिच्यातलं रक्त फुसफुसत होतं. आत्ताच ऑपरेशनची गरज नाही, रोज दोन गोळ्या घ्या आणि अधूनमधून दाखवून जा, असं ठरलं. दुसरा कुणी असता तर हातपाय गाळून बसला असता. काका मात्र तरंगत घरी आले, कारण चार शिकलेली माणसं रांग लावून त्यांचं काहीतरी ऐकून गेली होती.

त्या इस्पितळाला जोडून डॉक्टरांचं कॉलेज होतं आणि तिथे दरवर्षी प्रात्यक्षिक परीक्षा व्हायची. परीक्षेला खरेखुरे रोगी लागतात, आणि मानेत इतका स्वच्छ आवाज असलेला, बोलावल्यावर वेळेवर येणारा, तक्रार न करणारा रोगी मिळणं म्हणजे दुधात साखर. काकांना मानाने बोलावणं येऊ लागलं. खिडकीजवळची खाट, धुतलेली चादर, दोनदा चहा. काका त्या दिवशी सैल कॉलरचा इस्त्रीचा शर्ट घालायचे. लोकांना मान कर्तृत्वाने मिळतो, काकांना तो मानेने मिळाला. काकूंनी पहिल्याच वर्षी विचारलं होतं की रोगाचं एवढं कसलं कौतुक, आणि उत्तराची वाट न बघता दुधाच्या विषयाकडे वळल्या होत्या.

परीक्षक म्हणजे विभागाचे प्रमुख. मुलं त्यांना मागून कानसेन म्हणत. रोगी दाराबाहेर असतानाच त्याचा श्वास ऐकून ते निदान करतात अशी त्यांची ख्याती होती, आणि ती ख्याती त्यांच्याही कानावर गेलेली होती. पहिल्या वर्षी त्यांनी काकांच्या मानेचा आवाज डोळे मिटून ऐकला आणि 'वा' म्हणाले. त्यानंतर त्या मानेकडे त्यांनी साफ कानाडोळा केला. एकदा ऐकलेला आवाज आपण विसरत नाही, असं ते सांगत, त्यामुळे पुन्हा ऐकायचा प्रश्नच येत नसे.

मुलं एकेक करून येत. काकांना श्वास रोखायला सांगत, दोन्ही बाजू ऐकत, आवाज खाली हृदयातून वर चढलेला आहे की मानेतच जन्मलेला आहे हे ताडून बघत, शेजारच्या शिरेवर बोट दाबून तो थांबतो का ते पाहत. कुणी डावीकडेच घुटमळत राहिलं तर काका हलकेच खाकरायचे. मुलाने उत्तर दिलं की कानसेन आपला ठेवणीतला प्रश्न काढत, "आणि हाच आवाज पुढच्या खेपेला आला नाही, तर काय समजाल?" मूल घोकलेलं उत्तर घडाघडा म्हणून दाखवी. ते उत्तर काकांनी कधीच ऐकलं नाही. आपल्या आवाजाचं वर्णन संपलं की त्यांचं लक्ष चहाच्या ट्रेकडे जायचं. आपलं कुणी ऐकत नाही म्हणणारी माणसं दुसऱ्याचं तरी कुठे ऐकतात.

मागच्या वर्षी मात्र त्यांनी एक वाक्य ऐकलं. खाटेशी उभा एक मुलगा दुसऱ्याला म्हणत होता की गोळ्या नियमित घेतल्या तर काकांचा आवाज कमीही होईल. ते खरं की खोटं हे काकांनी कुणाला विचारलं नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, असा त्यांनी विचार केला आणि दुसऱ्या दिवसापासून दोन्ही गोळ्या गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत पुरायला सुरुवात केली. जास्वंद फोफावली. काकू येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवत आणि हा आपल्या हाताचा गुण आहे असं सांगत.

दुपारी उजव्या कुशीवर आडवं झालं की काकांना उशीत स्वतःचा आवाज ऐकू यायचा. फूस, फूस. त्या संगतीत त्यांना छान डुलकी लागायची. परीक्षा थोड्या दिवसांवर आली आणि एका दुपारी तो ऐकूच येईना. त्यांनी उशी बदलली, कान चोळला, श्वास रोखून पाहिलं. आत सामसूम होती. म्हणजे आपण बरे झालो, अशी त्यांनी समजूत करून घेतली, गोळ्या कुंडीने खाल्ल्या आणि गुण आपल्याला आला, आणि सुतकी चेहऱ्याने उठून बसले. त्याच आठवड्यात डाव्या हातातून कप निसटून फुटला. बोटं थोडा वेळ ऐकेनात, मग आपोआप ताळ्यावर आली. काकूंनी धांदरटपणावर भरपूर ऐकवलं आणि काकांनी बोटांबद्दल अवाक्षर काढलं नाही. परीक्षेचं बोलावणं आलं तेव्हाही ते गप्प राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

परीक्षेच्या दिवशी काका खाटेवर चोरासारखे पडले होते. पहिला मुलगा आला, मानेवर स्टेथोस्कोप टेकवून त्याने क्षणभर छताकडे पाहिलं आणि कानसेनांना सांगितलं की उजव्या बाजूला स्पष्ट आवाज आहे. काका चकित झाले. दुसऱ्याने पहिल्याची री ओढली, तिसऱ्याने दुसऱ्याची. चौथ्याला तर तो बराच मोठा वाटला. खिडकीजवळची खाट, सैल कॉलरचे काका, उजवी बाजू, ही माहिती वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे दरसाल पोचत असे, हे काकांना कुठून ठाऊक असणार. आपलेच कान गेले असतील, असं त्यांना वाटलं आणि जिवात जीव आला.

मग चष्मेवाली आली. ही एकदा याच परीक्षेत आपटलेली होती. तिने स्टेथोस्कोपची चकती आधी तळहातावर घासून ऊबदार केली, जे आजवर कुणी केलं नव्हतं. उजवीकडे ऐकलं, डावीकडे ऐकलं, परत उजवीकडे. काकांनी खाकरून इशारा दिला. तिने त्यांना श्वास रोखायला सांगितलं आणि पुन्हा ऐकलं. मग कानसेनांकडे वळून म्हणाली की दोन्हीकडे आवाज नाही.

कानसेन वाईट नव्हते. त्यांनी तिला पुन्हा एक संधी दिली, नीट ऐका म्हणाले, आणि मागच्या वेळीही ती अशीच अडखळली होती याची मायेने आठवण करून दिली. तिने पुन्हा ऐकलं. काकांच्या तोंडावर तिचा चेहरा वाकलेला होता आणि चष्म्यामागे डोळे भरून आलेले त्यांना दिसत होते.

"सर, मला ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "येतंय असं म्हणू का?"

कानसेनांनी पेन उघडलं.

म्हणजे काकांचे कान शाबूत होते. आता सगळ्या वॉर्डात खरं काय ते दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातली एक नापास होत होती. काकांनी मनात हिशेब मांडला. बोललो तर पुढच्या वर्षी ही खाट नाही, हा चहा नाही, सैल कॉलरच्या शर्टाचं काही कामच नाही. आणि नाही बोललो तर या पोरीचं आणखी एक वर्ष आपल्या मानेखाली चिरडलं जाणार.

"ती खरं सांगतेय," ते म्हणाले. अर्थात कुणालाच ऐकू गेलं नाही. मग काका उठून बसले आणि जन्मात प्रथमच ओरडले.

"ती खरं सांगतेय. आवाज बंद झालाय."

अख्खा वॉर्ड वळून बघू लागला. दारातली नर्स ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "काका, हळू."

कानसेनांनी खिशातला घडी घातलेला स्टेथोस्कोप काढला, काकांच्या मानेवर टेकवला आणि सवयीने डोळे मिटले. थोड्या वेळाने ते डोळे उघडले आणि उघडेच राहिले. काकांना त्यांची दया आली. वाईट वाटून घेऊ नका, असं ते म्हणाले, आवाज गेला तो गेला, पण आजार तर बरा झाला. कानसेन चष्मेवालीकडे वळले आणि त्यांनी तोच जुना प्रश्न विचारला, फक्त या वेळी तो परीक्षेतला वाटत नव्हता.

"आवाज थांबला, तर काय समजायचं?"

"वाट मोकळी झाली असं धरायचं नाही, सर. ती जवळजवळ बंदही झाली असेल. आत वाहायलाच फारसं काही उरलं नाही, की आवाजही उरत नाही."

चहाचा ट्रे समोर होता, तरी या वर्षी काकांनी उत्तर ऐकलं.

मग कानसेन खाटेवर बसले आणि त्यांनी काकांना हाताबद्दल विचारलं, गोळ्यांबद्दल विचारलं. काकांनी कप सांगितला, बोटं सांगितली, कुंडी सांगितली. इतकं लांबलचक ते आयुष्यात बोलले नव्हते, आणि मध्ये कुणी एक शब्द घातला नाही. या क्षणासाठी त्यांनी इतकी वर्षं जीव टाकला होता आणि आता तो लवकर संपावा असं त्यांना वाटत होतं.

चष्मेवाली पास झाली. आधीच्या चौघांचं काय, हे विचारू नये. त्यांनाही कानसेनांनी पासच ठेवलं, कारण न आलेला आवाज ऐकल्याबद्दल त्यांना नापास करायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागली असती.

काकांची तातडीने तपासणी झाली. धमनीत दोऱ्याएवढी वाट शिल्लक होती. कप पडला ती सूचना होती, पुढच्या वेळी कपावर भागणार नाही, असं कानसेनांनी स्पष्ट सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं, आणि त्यातही धोका होताच. काकूंना बोलावून घेतलं गेलं. डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावलं, कुंडीसकट.

काकू येऊन खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. त्यांनी चादरीची सुरकुती काढली, पिशवी मांडीवर घेतली आणि गप्प बसल्या. काका वाट बघत राहिले. कपाटाचं दार नाही, दूध नाही, शेजारीण नाही. संध्याकाळची औषधं वाटून झाली, पलीकडच्या खाटेवरची भेटायला आलेली माणसं निघून गेली, तरी काकू गप्पच. ज्या माणसाने जन्मभर जगाला शांतता राखायला सांगितलं, त्याला ती शांतता सहन होईना. वाहायलाच काही उरलं नाही, की आवाजही उरत नाही. ते वाक्य त्यांच्या डोक्यातून जाईना आणि उद्याच्या सुरीपेक्षा त्यांना त्याचीच जास्त भीती वाटू लागली.

"अगं," ते म्हणाले, "काहीतरी बोल की."

काकूंनी मान वर केली नाही. पिशवीच्या बंदाला गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. काकांनी उजवा हात पुढे करून त्यांचं मनगट धरलं.

"कुंडीत?" काकू शेवटी म्हणाल्या. "माझ्या कुंडीत?"

"हं," काका म्हणाले.

"आणि मी जगाला सांगत सुटले माझ्या हाताचा गुण म्हणून. अहो, तुम्हाला माणूस म्हणावं की काय म्हणावं? हात लुळा पडला तेव्हा तोंडही पडलं होतं का तुमचं? मी कपासाठी बोलत बसले, कपासाठी, आणि तुम्ही 'हं' म्हणून मोकळे. तुम्हाला काही झालं असतं तर मी बोलायचं कुणाशी, त्या जास्वंदीशी?" आणि मग बांध फुटला. कुंडी, कप, सैल कॉलरचा शर्ट, इतकी वर्षं मीठ मागितल्यावर पाणी पिणारा नवरा, काकू रडत होत्या आणि बोलत होत्या, आणि त्यांचा आवाज वॉर्डच्या दारापर्यंत जात होता.

नर्स लगबगीने आली आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

"राहू द्या, सिस्टर," हळूकाका म्हणाले. "मोठ्याने बोलू द्या तिला. अजून वाहतंय."

"काय वाहतंय?" काकूंनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता त्या पुढे बोलू लागल्या.