सहावा नाग

नागपंचमीला आमच्या उमरठच्या घरात पाटावर नाग मीच काढते. हा मान खरा थोरल्या जाऊबाईंचा, तुळजाबाईंचा. पण त्यांचा धाकटा भाऊ कोंडाजी भात कापताना घोणस चावून गेला, तेव्हापासून त्यांनी नागाला भाऊ मानून धरायचा भावाचा उपास सोडला आणि पाटाकडे पाठ फिरवली. "ज्यानं माजा भाव नेला, त्याला भाव म्हणू?" असं विचारायच्या.

आणि यांचीच लेक तेजश्री शिकली कशात, तर सापांत! यंदा तिला पॅसिफिक महासागरातल्या बेटांवर संशोधनाला बोलावणं आलं. तिथे कँडोइया नावाचे साप असतात म्हणे, बहुतेक त्या दूरदूरच्या बेटांवरच. जाऊबाईंनी एका शब्दात निकाल लावला, "नाय." लेकही कमी नाही. आईला रडवून जाणार नाही म्हणाली आणि तोंड फुगवून बसली. उत्तर आजच कळवायचं होतं. मला दोघींचा राग येत होता आणि दोघींसाठी जीवही तुटत होता.

मी चंदनाने पाचवा नाग पुरा केला, तेवढ्यात जाऊबाई आल्या आणि लेकीला म्हणाल्या, "दाखव तुजा तो साप."

तेजश्रीनं मोबाईल पुढे केला. "याला विष नसतं गो आई. मादी अंडी घालत नाही, पिल्लंच देते."

"मान्सं काय करतात त्याला?"

"घाबरतात. काही ठिकाणी दिसला की मारतात. म्हणून तर जायचंय."

जाऊबाई फोटोकडे बघतच राहिल्या. मग त्यांना एकदम हसू फुटलं आणि डोळेही भरले.

"नाक बघ कसं पुढं आलंय. आमच्या कोंडाजीचंच हाय."

त्यांनी माझ्या हातातली काडी ओढून घेतली आणि पाचांच्या शेजारी एक जाडसर, नाकाड्या साप काढला. मी आपली घाईने म्हणाले, "अहो जाऊबाई, आपल्यात पाचच काढतात."

"गप गो! भाव दारात आलाय, त्याला परत धाडू?"

त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, पुढे लाह्या ठेवल्या आणि हात जोडले. मग लेकीकडे वळल्या.

"ह्यो तुजा मामा. तितं मामा हाय म्हंजे तू एकटी नायस. कळव त्यांना, येत्ये म्हणून."