लेकीच्या गावचं पाणी

माझा स्वभाव तापट आहे, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्या दिवशी तर कारणही होतं. मे महिना, शेचाळीस डिग्री गर्मी, आणि तापीतल्या आमच्या डोहात मोटर नुसती हवा ओढत होती. शेतात केळीची तीन हजार झाडं, घड लागलेली. बुऱ्हाणपूरचा व्यापारी बघूनही गेलेला, कटाईला फक्त वीस दिवस बाकी. अजून चार दिवस पाणी मिळालं नाही तर झाडं घडासकट मधोमध मोडून पडणार होती.

पाणी गेलं कुठे? सात-आठ किलोमीटर वर, माझ्या लेकीच्या सासरी. त्या गावाने वाळूच्या पोत्यांचा बांध घालून नदी अडवली होती. आणि बांधावर राखणीला कोण, तर खुद्द माझे व्याही सुकलाल!

सकाळीच माझे दीर कौतिक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत वीस-पंचवीस जण आणि तेवढ्याच काठ्या भरून निघाले. "वहिनी, तुम्ही घरी बसा," मला म्हणाले.

"का बसू? केळी माझी वाळतेय," म्हणत मी ट्रॉलीत चढली. "आणि भाऊजी, काठीनं पाणी येतं काय? डोकी फुटतील आणि माझ्या रंजिताचं माहेर तुटेल. मग कुणाला विचारायचं?"

भाऊजींनी ट्रॅक्टर सुरू केला.

बांधावर तिकडचेही तेवढेच लोक, तशाच काठ्या घेऊन उभे. शिव्या सुरू झाल्या. मी मधून सरळ चालत गेली आणि पोत्यांवर फतकल मारून बसली. पोती तव्यासारखी तापलेली, पण उठते कशाला!

"विहीणबाई, उन्हात नका बसू. घरी चला," सुकलाल म्हणाले.

"बांध उघडा, मग उठते."

"आमच्याही विहिरी आटल्यात. आमची केळी काय प्लास्टिकची आहे?"

बोलणं खोटं नव्हतं, म्हणून मला जास्तच राग आला. तास गेला, दोन तास गेले. घसा कोरडा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली. तेवढ्यात गर्दीतून रंजिता आली. तिने बांधाआड साठलेल्या पाण्यात तांब्या बुडवला आणि माझ्यापुढे धरला.

"आई, पी गं," ती म्हणाली.

आता आमच्यात लेकीच्या सासरचं पाणी पीत नाहीत. कन्यादान केलं की त्या गावचा घोटसुद्धा चालत नाही. अकरा वर्षं मी तिच्याकडे जाताना घरूनच बाटली भरून नेते. त्या दिवशी रागाच्या भरात बाटली घरी राहिली. सुकलालना हा रिवाज पक्का माहीत. आणि आपल्या बांधावर विहीण उन्हाने पडली तर चार गावांत तोंड दाखवता येणार नाही, हेही माहीत.

मी तांब्या घेतला नाही. "व्याहीबुवा, आधी सांगा, हे पाणी कुणाचं? तुमच्या गावचं असेल तर जीव गेला तरी पिणार नाही. तापीमायचं असेल तर पिते."

सुकलाल कधी तांब्याकडे बघत, कधी सुनेकडे. गावचं म्हणावं तर मी तिथेच आडवी होणार. तापीमायचं म्हणावं तर पोती कुठल्या हक्काने ठेवणार? त्यांची अशी गोची झालेली बघून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

"तापीमायचं आहे," ते शेवटी पुटपुटले.

"मोठ्यानं बोला. आमच्या भाऊजींना कमी ऐकू येतं."

"तापीमायचं आहे!" ते ओरडले, आणि त्यांनाच हसू आलं. मग वाकून त्यांनी स्वतः पहिलं पोतं ओढलं. "चार दिवस तुमचं, चार दिवस आमचं. कबूल?"

"कबूल," कौतिकभाऊजी म्हणाले. काठी टाकून त्यांनी दुसऱ्या पोत्याला हात घातला.

पाणी फटीतून सुटलं आणि खाली आमच्या डोहाकडे निघालं. ते डोळ्यांनी बघितलं, तेव्हा कुठे मी तांब्या तोंडाला लावला. पाणी कोमट होतं, वाळूची चव होती. पण अकरा वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या गावी तिच्या हातचं पाणी प्यायली मी, आणि सगळ्यांदेखत रडू फुटलं.

रिकामा तांब्या तिच्या हातात दिला आणि म्हटलं, "अजून एक आण."