दुसरा अंक कुणी वाचायचा?

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी, म्हणून कॉलनीतल्या नाटकवेड्या गटाचं नाट्यवाचनही गुरुवारीच. दुपारी चारला कॉलनीच्या सभागृहात सतरंज्या पडायच्या, सुमनताई घरून चहाचा थर्मास आणायच्या आणि दहा-पंधरा माणसं गोल करून बसायची. एकेकानं एकेक पात्र घ्यायचं, नाटक मोठ्यानं वाचायचं आणि मग घसा बसेपर्यंत त्यावर बोलायचं. दीड वर्ष हे चाललं होतं. वर्षालीनं एकही गुरुवार चुकवला नव्हता.

चुकवेल कशी? बाकीचे सहा दिवस ती वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर पार्ट उलटेपालटे करून बघायची आणि खोलीवर येऊन भिंतीशी बोलायची. रणजीत चाकणच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला, त्याला चार वर्षं झाली होती. तेव्हापासून शेजारीपाजारी तिला लग्नाच्या जेवणाला बोलवत, हळदीला नाही. डोहाळजेवणाच्या पुऱ्या तिच्याकडून लाटून घेत आणि ओटी भरायची वेळ आली की म्हणत, "वर्षाली, आत दूध उतू जातंय का बघ जरा." गॅसवर दूध नसायचंच. फक्त या गोलात ती कधी राणी झाली, कधी वकील, कधी मालकाला दम भरणारी मोलकरीण. आवाज असा खणखणीत की बाहेर खेळणारी पोरं खिडकीत येऊन उभी राहायची.

गटाचा म्होरक्या निरंजन. टूलरूमचा सुपरवायझर, दाढीवाला, सुधारणेवर बोलायला लागला की चहा गार होईपर्यंत थांबायचा नाही. या वर्षी त्यानं स्वतःच नाटक लिहिलं. मालन नावाची बाई. पहिल्या अंकात तिचं लग्न, दुसऱ्यात नवरा जातो, तिसऱ्यात ती सगळ्यांच्या नाकावर टिच्चून दुसरं लग्न करते. महिला दिनाच्या अलीकडच्या गुरुवारी हे नाटक अख्ख्या कॉलनीसमोर वाचायचं ठरलं. वर्षालीनं आठ दिवसांत मालन निम्मी पाठ केली. मालन आपल्यालाच मिळणार याबद्दल तिला तिळभर शंका नव्हती.

भूमिका वाटायच्या दिवशी निरंजन कागद चाळत म्हणाला, "मालन दोघी वाचतील. पहिला आणि तिसरा अंक स्वरूपा, दुसरा वर्षाली."

स्वरूपा म्हणजे सुमनताईंची सून, दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली. जोडाक्षर आलं की अडखळायची बिचारी. तिनं सासूकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"एका बाईला दोन बाया कशाला?" वर्षालीनं विचारलं.

"तसं बरं पडेल," निरंजन म्हणाला. "लग्नाचे प्रवेश, हळद, कुंकू... समोर पोरींच्या आया बसलेल्या असणार, राव. कुणाला लागायला नको."

"मग सगळंच स्वरूपाला द्या."

सुमनताईंनी थर्मासचं झाकण घट्ट केलं. "अगं, दुसऱ्या अंकात 'माझं कुंकू पुसलं' असं वाक्य आहे. नवरा जिवंत असताना सुनेच्या तोंडून असलं कसं काढू? तुझं काय, तुझं होऊन गेलंय."

तुझं होऊन गेलंय! एवढं बोलून त्या कप मांडायला लागल्या. वर्षालीच्या डोक्यात तिडीक गेली. गोलातली माणसं चहाचे कप उचलायला लागली. शिवणकाम करणारी बिल्किस, जी नेहमी रंगसूचना वाचायची, तेवढी फणकारली, "ये क्या बात हुई, निरंजनभाई? विधवेचं नाटक, आणि विधवेला अर्धंच?"

"तुम्ही नाटक करायलात का पंचांग बघायलात?" वर्षालीची लातूरकडची बोली चिडली की हमखास वर यायची. "मी वाचीन तर पूर्ण वाचीन. नाहीतर एक शब्द वाचणार नाही."

"बघू, बघू," निरंजन म्हणाला. ऐन वेळी ही ऐकेल, अशी त्याची खात्री होती. चिडलेल्या बाईबद्दल अशी खात्री आपल्याकडच्या भल्या माणसांना फार असते.

कार्यक्रमाला सभागृह भरलं. पुढच्या रांगेत जुन्या गावठाणातले कोंडाजी पाटील फेटा बांधून बसले होते. स्वरूपानं पहिला अंक अडखळत पार पाडला, लोकांनी कौतुकानं टाळ्या वाजवल्या. निरंजननं माईक घेतला. "दुसरा अंक. मालनच्या भूमिकेत, वर्षाली."

वर्षाली खुर्चीवरून हलली नाही. "मी सांगितलं होतं," ती म्हणाली.

आता आली का पंचाईत! निरंजननं कागद स्वरूपापुढे केले. सुमनताईंनी तिचा हात धरला. त्यानं ते शेजारच्या बाईला दिले, तिनं पहिली ओळ बघून पलीकडे सरकवले. चांगल्या शिकलेल्या, कंपनीत मशीन चालवणाऱ्या बायका, पण कुणी ते चार ओळींच्या वर हातात ठेवेना. कागद बिल्किसपर्यंत आले. "माझापण नवरा जिवंत आहे," ती म्हणाली, "आणि मी वाचेन सुद्धा. पण वर्षालीच्या जागेवर बसून नाही वाचणार." तिनं कागद निरंजनच्या हातात परत ठेवले.

नाटक त्याचं होतं. तो पुरुष होता, कुंकू पुसलं जायची त्याला भीती नव्हती. तिथेच तो म्हणू शकला असता की वर्षाली, पूर्ण वाच. तो म्हणाला, "वेळेअभावी दुसरा अंक गाळत आहोत."

आणि तिसरा अंक सुरू झाला! मांडवातून उठलेली मालन लगेच दुसऱ्या मांडवात. स्वरूपा घाम पुसत वाचत होती, मालन नव्या नवऱ्याला हार घालत होती. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोंडाजींना राहवेना.

"आरं पर थांबा की," ते मोठ्यानं म्हणाले, "हिचा पयला नवरा कुटं गेला? त्यो जित्ता हाय न्हवं? मग हे दुसरं लगीन कसं काय लावताय?"

सभागृह हसलं. निरंजन हातातले कागद चाळायला लागला. ज्या एका गोष्टीसाठी त्यानं नाटक लिहिलं, तीच त्यानं स्वतःच्या हातानं काढून टाकली होती.

वर्षाली उठली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत निघाला.

"मेला तो, बाबा. दुसऱ्या अंकात मेला. ते मोठ्यानं म्हणायला इथली एकही बाई तयार झाली नाही, आणि ज्यांनी लिहिलं तेही झाले नाहीत. माझाही मेला. रणजीत नाव होतं त्याचं. त्यात मी काही केलं नव्हतं. पण चार वर्षं तुम्ही मला असं वागवता, की मीच काहीतरी केलंय. मरणाचं वाचायला मी चालते, आणि हार घालायचं आलं की तुम्हाला माझा आवाज चालत नाही."

तिनं निरंजनच्या हातातून कागद घेतले आणि दुसरा अंक पहिल्या ओळीपासून वाचला. नवरा गेल्याची बातमी आली तिथे तिला रडू फुटलं. तिनं ते आवरलं नाही, रडतच वाचत राहिली. बिल्किस शेजारी उभी राहून रंगसूचना वाचत होती. बऱ्याच बायका उठल्या, पोरींना दंडाला धरून निघून गेल्या. सुमनताईही गेल्या. स्वरूपा मात्र जागची उठली नाही.

अंक संपला तसा निरंजन घाईघाईनं माईकपाशी आला. "वर्षालीताईंनी फारच छान... आता आपण आभाराकडे..."

"बसा निरंजनभाऊ," वर्षाली म्हणाली आणि पान उलटलं. "मालनचं लग्न राहिलंय. तेही मीच वाचणार आहे."